गार्डाचे आठ बोल्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी सरकारी कचेऱ्यांत उशिरा येणाऱ्यांवर लिहिले होते. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, त्या बदल्यात पावणेदहा ते सव्वासहा अशी वेळ ठरली. लोकांनी शनिवार तेवढा लक्षात ठेवला आणि पावणेदहा विसरले, असे त्यांचे म्हणणे. उपाय त्यांनी दोन सांगितले: दारोदार अंगठ्याचे मशीन बसवा आणि चार-दोन जणांना घरी पाठवा, बाकीचे आपोआप सरळ होतील. तक्रार शंभर टक्के खरी आहे. मला बोलायचे आहे ते उपायाबद्दल. कारण ज्याला जाब विचारायला हवा तो माणूस त्यांच्या सगळ्या पत्रात कुठेच नव्हता. तो म्हणजे साहेब. त्या साहेबांतला एक मी होतो.

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी १९७९ साली हेल्पर म्हणून लागलो आणि २०१६ साली मिल फोरमन म्हणून बाहेर पडलो. कारखान्याचे नाव लिहीत नाही. त्या कारखान्याच्या पगारावर माझी दोन लेकरे शिकली आहेत, आणि जे सांगणार आहे त्यात कारखान्यापेक्षा माझी चूक मोठी आहे.

आमच्या मिल हाऊसमध्ये, म्हणजे ऊस चिरडून रस काढणाऱ्या मिलांच्या विभागात, एक हेड फिटर होते. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. तालमीशी त्यांचा संबंध गावच्या जत्रेपुरताच, पण हातात कसब असे की दुसरा शब्द सुचू नये. गिअरबॉक्सला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, मुठीचे टोक कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "अजून पाच-सा दिवस जाईल. क्लीनिंगला बंद पडंल तवा उघडू." क्लीनिंगला, म्हणजे साफसफाईसाठी मिल थांबली तेव्हा, उघडले की बेअरिंग नेमके तसेच निघायचे. माझ्या हातात पहिला पाना त्यांनीच दिला. १९९३ च्या हंगामाआधी मला फोरमन केले, आणि ज्यांनी शिकवले तेच माझ्या हाताखाली आले.

वस्तादांच्या तीन सवयी होत्या. तंबाखूचा बार भरून तिसऱ्या मिलच्या खांबामागे पिचकारी मारायची. रात्री बाराची पाळी असली की साडेबाराला यायचे. आणि बगॅस कॅरिअरच्या (उसाचा चोथा वाहून नेणाऱ्या यंत्राच्या) चेनला ग्रीस द्यायला काढलेला गार्ड, म्हणजे चेनवरचे संरक्षक झाकण, परत बसवायचा नाही, भिंतीला टेकवून ठेवायचा. पहिल्याच नोव्हेंबरात मी हळूच विषय काढला, तर म्हणाले, "आठ बोल्ट काढायचं, आठ बसवायचं, अन् पाळीत दोनदा ग्रीस. गाळप करायचं का बोल्टच फिरवत बसायचं? आमची बोटं हायत की जाग्यावर." मी हसलो. एवढा कसबी माणूस, त्यात गुरू, त्यात चार माणसांचे काम एकटा ओढणारा. म्हटले, जाऊ दे.

आम्हाला १९४८ चा कारखाना कायदा लागू होता. त्याचे विसावे कलम पिकदाण्यांचे होते: सोयीच्या जागी पुरेशा पिकदाण्या ठेवा, त्या सोडून कोणी थुंकू नये, थुंकल्यास पाच रुपयांपर्यंत दंड. एकविसावे कलम फिरत्या यंत्राला घट्ट कुंपण घालण्याचे. दोन्ही शेजारी आली ती विचार करून नव्हे. आरोग्याचे प्रकरण विसाव्या कलमाला संपायचे आणि सुरक्षेचे एकविसाव्याला सुरू व्हायचे, एवढेच. आमच्या मिल हाऊसला मात्र विसावरून एकविसावर जायला पाच हंगाम लागले, आणि मी ते रोज उघड्या डोळ्यांनी बघत होतो.

पट्टा पडला, म्हणजे हंगामाचे गाळप संपले, की ओव्हरहॉलिंगच्या (यंत्रे खोलून दुरुस्त करण्याच्या) दिवसांत सगळे खांब राखाडी रंगवले जात. पहिल्या वर्षी तिसऱ्या मिलचा एकच खांब लाल झाला, तोही मागून. दुसऱ्या वर्षी वस्तादांचे दोन हेल्पर तिथे उभे राहू लागले. तिसऱ्या वर्षी पुढची बाजूही गेली, चौथ्या वर्षी जिना. पिकदाण्या होत्या, वाळू भरलेल्या, वर ब्लीचिंग पावडर. ती वाळू कोरडीच राहायची, मग ती बदलणेही आम्ही बंद केले. वाळू बदलायची नाही असे कोणी कोणाला सांगितले नव्हते. पुढे राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली तेव्हा मिल हाऊसमधल्या पोरांनी मला विचारले, "साहेब, आता कुठं थुंकायचं?" चेष्टा होती ती. पण बंदी कशावर आहे हे त्यांना कळलेच नव्हते, कारण खाण्यावर, थुंकण्यावर किंवा कशावरच आमच्याकडे कधी बंदी नव्हती.

थुंकणे मी सोसले असते. वाईट झाले ते वेगळेच. वस्तादांना त्यांच्या कसबासाठी सवलत मिळत होती. पोरांना वाटले, सवलत हीच मोठेपणाची खूण. उशिरा येणारा म्हणजे कोणीतरी असणार. मग ज्याला साधा कॉलर बोल्टही नीट आवळता येत नाही तोही साडेबाराला येऊ लागला. त्याची वाट बघत आधीच्या पाळीचा माणूस अर्धा तास ताटकळायचा. असे आठ दिवस झाले की तोही आपल्या पाळीला अर्धा तास उशिरा यायचा आणि हिशेब चुकता करायचा. वस्तादांचा कान एकाही पोराने उचलला नाही. पिचकारी सगळ्यांनी उचलली.

आता लॉगशीटचे सांगतो. मिलच्या गिअरबॉक्सच्या बेअरिंगचे तापमान दर तासाला बघून तक्त्यात लिहायचे असते. एका पाळीत आठ आकडे. वस्ताद हे कधी लिहीत नसत, त्यांना लिहायची गरजही नव्हती, ते कानाने ऐकत. म्हणून पोरांनीही बघणे सोडले. पण रकाने रिकामे दिसले तर चीफ इंजिनिअर ओरडत, म्हणून लिहिणे चालू ठेवले. पहाटे सहाच्या चहाबरोबर एकाच पेनाने, एकाच दमात: ५२, ५२, ५३, ५२. मी सही करायचो. त्या आकड्यांत मला तेव्हाही काही खटकायचे, खोटे कशाला बोलू. जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला आणि सकाळी आठला सारखे तापमान कसे राहील? आमच्याकडे पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली की अख्खी सांगली आयर्विन पुलाची पातळी विचारत असते. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका; २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्न फुटांवर गेली होती. तो आकडा कोणी घरी पांघरुणात बसून लिहिला असता तर आपण त्याला काय म्हटले असते? मी मात्र त्याच जातीच्या कागदावर पाच वर्षे सह्या केल्या.

एका रात्री वस्ताद सुट्टीवर होते. तीनच्या सुमाराला दुसऱ्या मिलच्या गिअरबॉक्समधून धूर आला. तक्त्यावर तेव्हाही ५२ च होते; त्या रात्री तर चहाचीही वाट न बघता सहाचा आकडासुद्धा तीनलाच लिहून झाला होता! मिल पाच तास बंद. आमची क्षमता दिवसाला २,५०० टनांची, म्हणजे तासाला शंभरहून थोडा जास्त ऊस. पाच तासांत पाचशे टनांच्या वर ऊस अड्ड्यावर उभा. ऊस काही पळून जात नाही, दुसऱ्या दिवशी गाळला जातो, असे म्हणणारे भेटतात. पण तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा पडतो. आणि गाडीवानाचे काय? बीडकडची ती माणसे, बैल जू उतरवून चाकाला बांधलेले, बायका उसाच्या वाड्याची शेकोटी करून लेकरे घेऊन बसलेल्या. त्यांची दुसऱ्या दिवशीची खेप बुडाली. लॉगशीटवर खोटे आकडे लिहिणाऱ्याचा आणि त्यावर सही करणाऱ्याचा एक रुपयाही कापला गेला नाही.

चौकशीत "तेलाचा दाब अचानक कमी झाला" असे लिहिले. "अचानक" हा शब्द आम्हा लोकांच्या फार उपयोगाचा.

यानंतर तरी मी शहाणा व्हायला हवा होतो. चार दिवस लॉगशीट नीट भरली गेली, पाचव्या दिवसापासून पुन्हा ५२.

१९९९ च्या जानेवारीत, पुन्हा बाराच्याच पाळीत, बगॅस कॅरिअरवरच्या एका हंगामी पोराची उजव्या हाताची दोन बोटे गेली. वय वीस. पहिलाच हंगाम. चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) मध्ये बगॅसचा बोळा अडकला होता, तो त्याने चालत्या चेनमधून हाताने उडवला. अगदी तसे, मनगटाच्या एका झटक्याने, वस्ताद उडवायचे. मी शेकडो वेळा बघितले होते. वस्तादांचा झटका वीसएक हंगामांचा होता, त्याचा दोन महिन्यांचा. गार्ड तिथेच होता, चार हातांवर, भिंतीला टेकवलेला, आणि आठही बोल्ट त्याच्या पायाशी एका डब्यात. डब्यावर धूळ होती.

पोराला मिरजेला नेले. बोटे जोडता आली नाहीत. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला एक परिशिष्ट होते, त्यात कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली याचा तक्ता होता. एका हाताची दोन बोटे: २० टक्के. मी तो तक्ता दवाखान्याच्या जिन्यात बसून वाचला आहे. अपघाताचा अहवाल मीच लिहिला. कारणाच्या रकान्यात काय लिहिले ते सांगतो: "कामगाराने चालू यंत्रात हात घातल्यामुळे, कामगाराचे दुर्लक्ष." अक्षर माझे, सही माझी. त्या पोराच्या बापाने कागद वाचून मला एवढेच विचारले, "साहेब, त्यो गार्ड का काय म्हणत्यात, त्यो कवापास्नं काढलाय?"

दुसऱ्या दिवशी मी वस्तादांना कँटीनच्या मागे गाठले. म्हणालो, "वस्ताद, आजपासून गार्ड बसल्याशिवाय कॅरिअर चालू होणार नाही. पाळीवर तुम्ही असलात तरी." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "सा हंगाम दिसलं न्हाई व्हय तुला? पोराची बोटं गेली तवा दिसलं?"

संपादक महाशय, गेल्या आठवड्याच्या पत्रलेखकांना मला हे वाक्य द्यायचे आहे. वस्तादांचा राग मला तेव्हा उद्धटपणा वाटला, पुढे पटला. सहा हंगाम मी रोज त्यांना, तोंडाने न बोलता, सांगत होतो की हे चालते. त्यांनी ते ऐकले. एका सकाळी मीच फिरलो, तर दगा कोणी दिला? कचेरीत दहा वर्षे अकराला येणाऱ्या कारकुनाला उद्या मशीन लावून घरी पाठवाल, तर तोही हेच विचारेल, आणि साहेबाकडे उत्तर नसेल. मग युनियन येईल, ओळखीपाळखी येतील, महिन्याभरात मशीनची वायर सुटेल. हे मी अंदाजाने लिहीत नाही. आमच्याकडे पुढे अंगठ्याचे मशीन आले होते. बाराला अंगठा उठवायचा, बाहेर टपरीवर जाऊन चहा प्यायचा आणि साडेबाराला मिलवर यायचे. पूर्वी उशिरा येणारा कागदावर तरी उशिरा दिसायचा! आज मी कामासाठी कचेऱ्यांत जातो तेव्हा रिकाम्या खुर्चीवर पिशवी असते, आणि शेजारचा मान वर न करता सांगतो, "आत्ताच खाली गेलेत." त्याच्या आवाजात खोटे बोलल्याची जाणीवही नसते. कचेरीच्या पाठ्यक्रमातला तो पहिला धडा असावा.

वस्ताद माझ्याशी नऊ दिवस बोलले नाहीत. गार्ड मात्र बसवत होते, प्रत्येक वेळी आठ बोल्ट, आणि दर बोल्टामागे मला ऐकू जाईल अशी एक शिवी. दहाव्या दिवशी भंगारातली तांब्याची बारीक नळी घेऊन आले. ग्रीसचे निपल (ग्रीस भरायचे तोंड) आत होते म्हणून गार्ड उघडावा लागत होता. त्यांनी नळी जोडून निपल गार्डाच्या बाहेर आणले. दर क्लीनिंगला उघडावे लागते म्हणून आठ बोल्टांच्या जागी दोन बिजागऱ्या आणि एक खिट्टी लावली. बोळा अडकला तर मिल थांबवून काढायला एक आकडीही वाकवून ठेवली. सगळे मिळून एका पाळीचे काम, खर्च जवळजवळ शून्य. खिट्टी वाजवून मला म्हणाले, "आता कर सही."

मी गार्डावरून सहा हंगाम मान वळवली नसती तर ही नळी १९९३ लाच बसली असती. वस्तादांची तक्रार मुळात खरी होती, आठ बोल्ट म्हणजे छळच होता. ज्याने त्या गार्डाचे ड्रॉइंग काढले त्याला ग्रीसगन कधी धरावी लागली नसणार. मी पहिल्या दिवशी ठाम नाही म्हटले असते तर भांडण झाले असते, भांडणातून बोल्ट निघाले असते. 'जाऊ दे' म्हटल्यामुळे भांडण मिटले आणि बोल्ट राहिले. कचेऱ्यांचेही असेच काही असेल का, हे मला बाहेरून सांगता येणार नाही. पण अकराला येणाऱ्याला साहेबाने पहिल्याच आठवड्यात समोर बसवून का म्हणून विचारले, तर कदाचित कळेल की गावाकडून येणारी एसटीच सव्वादहाला पोचते. आणि कदाचित कळेल की तसे काहीही नाही, गडी नुसता आळशी आहे. दोन्हींचा इलाज वेगळा. न विचारता दोघेही सारखेच दिसतात.

माझी मुलगी विश्रामबागला वालचंद कॉलेजात मेकॅनिकलला होती, तिने मला अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाची हकीकत सांगितली. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात माणसे गेली. कारण काय, तर रॉकेटच्या सांध्यातल्या रबराच्या ओ-रिंगा. ओ-रिंग म्हणजे आम्हा फिटर लोकांची पानतंबाखूइतकी रोजची वस्तू, म्हणून मी कान टवकारले. आधीच्या काही उड्डाणांतही रिंगा खाल्लेल्या आढळल्या होत्या. यान सुखरूप परत आले होते, म्हणून दर वेळी ठरले की एवढे खाल्लेले चालते. त्या सकाळी थंडी फार होती, थंडीत रबर कडक होते. आदल्या रात्री काही इंजिनिअरांनी उडवू नका म्हणून सांगितलेही होते. मुलगी म्हणाली, तिकडच्या एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी याचा पुढे मोठा अभ्यास केला, वाकडे हळूहळू सरळ वाटू लागते ते कसे याचा. मी तिला म्हणालो, आमच्याकडे याला "चालतंय की" म्हणतात. ती हसली नाही. तिला त्या पोराची बोटे माहीत होती. तो पुढे वजनकाट्यावर लागला आणि पावती डाव्या हाताने लिहायला शिकला.

कडक साहेबही मी पाहिले आहेत. एक शिफ्ट इंजिनिअर पंधरा दिवसांत सात मेमो द्यायचे. ते होते तोवर खांब स्वच्छ, त्यांची बदली झाली त्या रात्री तिथे रांग लागली होती. त्यापेक्षा अपघातानंतरच्या हंगामात मी केले ते साधे होते. लॉगशीटच्या पहाटे चारच्या रकान्यात मी स्वतः जाऊन, बघून आकडा लिहायचो. माझा आकडा ४७ आणि पोरांचे सगळे ५२, हे त्यांना शेजारी शेजारी दिसायचे. कोणाला काही बोललो नाही. तीन आठवडे लागले. थुंकण्याच्या बाबतीत मला निवृत्त होईपर्यंत यश आले नाही, तेही कबूल करतो. तिसऱ्या मिलचा खांब मी लालच सोडून आलो.

एक सूचना करून थांबतो. अपघात असो की कचेरीतली तक्रार, प्रत्येक कागदावर कारणाचा रकाना असतो आणि त्यात खालच्या माणसाचे दुर्लक्ष मावते. त्याच्याखाली अजून एक रकाना छापावा: ही गोष्ट वरिष्ठाच्या नजरेस पहिल्यांदा कधी आली? फक्त तारीख लिहायची. माझ्या कागदावर तिथे नोव्हेंबर १९९३ लिहावे लागले असते.

आपला,
एक निवृत्त मिल फोरमन
बुधगाव, ता. मिरज, जि. सांगली

ता. क. नाव छापू नये ही विनंती. वस्ताद अजून आहेत आणि सकाळी चष्मा लावून आधी हेच पान उघडतात, ते ओळखतीलच.